आधीच मागून ठेवलेली माफी

"सॉरी हां," ती म्हणायची, आणि मग आपण बघत राहायचं की झालंय काय. काहीच झालेलं नसायचं.

पहिल्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले, तशी तिने आपली पिशवी मांडीवर घेतली, थोडी सरकली आणि मला सॉरी म्हणाली. मी म्हटलं, "का हो?"

"आतून माझा मुलगा ओरडेल आता. तुम्ही दचकाल."

थोड्या वेळाने आतून खरंच आरोळी आली. "हाच," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा सॉरी.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नाला बोलावलं तरी आधी मागच्या रांगेतली खुर्ची शोधतात.

आमची मुलं जातात ती विशेष मुलांची शाळा. आत थेरपी चालते, बाहेर व्हरांड्यात आया बसतात, आणि त्या व्हरांड्यात कुठल्याच आईला स्वतःचं नाव नसतं. मी सईची आई, ती जोएलची मम्मी. काही वर्षं शेजारी बसलो, एकमेकींचे डबे खाल्ले, पण तिचं नाव मी कधी विचारलं नाही. याचीही लाज वाटते, पण त्या लाजेने रांगेत उभं राहावं. तिच्या पुढे बऱ्याच आहेत.

जोएल तेव्हा सात वर्षांचा होता. अंगाने उंच, बोलणं शून्य. त्याचा जीव दुकानांच्या शटरांवर. शटर दिसलं की तळहाताने धाडकन एक थाप, आणि मग ते थरथरणं विरेपर्यंत कान लावून उभा. आता वसईतली दुपार म्हणजे दुकानदार शटर अर्धं ओढून आत आडवे झालेले. ही बिचारी पोराच्या पुढे पळत जायची, वाकून अर्ध्या शटरखालून आत "सॉरी हां" म्हणायची, आणि मागोमाग धाडकन. झोपलेल्या माणसाला आधी माफी ऐकू यायची, मग अपराध. एकदा आतून एक जण म्हणाला, "बाई, सॉरीने जाग आली हो, थाप नंतर पडली."

गिरीजला त्यांची केळीची वाडी. सासू सुकेळी करायची, उन्हात वाळवलेली गोड केळी, वाळक्या पानात घट्ट बांधून. ती बंडलं हिच्या पिशवीत कायम. शटरवाल्यांना, रिक्षावाल्यांना, खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरलासुद्धा. मी म्हटलं, "अहो, तुम्ही काय हप्ते वाटता का?"

ती हसली. "गोड खाल्लं की माणूस जरा कमी ओरडतो."

रविवारी चर्चला ती शेवटच्या बाकावर, दाराशी. जोएलने आवाज केला की उठून बाहेर. "मिस्सा मी अंगणातूनच ऐकते," मला म्हणाली. "आत सासू बसते ना, ती मागते आमच्या वाटचं." मी विचारलं, फादर काही बोलले का? "छे. कोणीच काही बोललं नाही. बोलायच्या आधीच मी उठते."

मी तिच्या अगदी उलट. मी भांडायचे. आम्ही नायगावला नव्या टॉवरमध्ये राहतो. लिफ्टमध्ये सई आपले हात झटकायला लागली आणि कुणी नुसती मान वळवली तरी मी सुरू. "काय बघताय? मूल पाहिलं नाही कधी?" एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं, तर तिला मी आठव्या मजल्यापर्यंत पुरून उरले. हे सगळं मी व्हरांड्यात तिखटमीठ लावून सांगायचे, आणि जोएलची मम्मी ऐकून म्हणायची, "तुमचं बरं आहे, सईची आई. तुम्हाला भांडता येतं." मला तेव्हा बरं वाटायचं. तिला थोडं शिकवावं असंही वाटायचं. शहाणी ना मी.

मग एके दिवशी स्पीचच्या टीचर धावतच बाहेर आल्या. जोएल बोलला होता. नुसता आवाज नाही, शब्द. आम्हा सगळ्यांनाच आत बोलावलं. जोएलची मम्मी आपल्या चपला हातात घेऊनच आत गेली, इतकी गडबडली होती.

जोएल टेबलाशी बसला होता. टीचरने त्याच्यापुढे एक डबा उपडा ठेवला. जोएलने डब्याकडे पाहिलं, मग टीचरकडे, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "सॉरी हां." आणि मग थाप मारली.

सूर अगदी तिचा. 'हां' थोडा लांबवलेला, मान जराशी खाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन-चार जणींच्या डोळ्यांत पाणी. कुणीतरी म्हणालं, पेढे पाहिजेत. टीचरचा तर आनंद मावेना. वर्षानुवर्षं ज्या तोंडातून शब्द नाही तिथे दोन आले, आणि तेही जागच्या जागी.

मी तिच्याकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. चपला अजून हातातच. "हे मी शिकवलं," ती म्हणाली. "मम्मी म्हणायला नाही शिकला. पानी मागायला नाही शिकला. हे शिकला."

एरवी माझ्याशी ती 'पाणी'च म्हणायची. घरची बोली वेगळी, पण शाळेने एकच भाषा बोला सांगितल्यापासून तिने ती दाराबाहेर ठेवली होती. त्या दिवशी ती बोली दारातून आत आली.

टीचर समजावत होत्या, एक शब्द आला की दुसरे येतात. खरं असेल. पण व्हरांड्यात परत येऊन बसलो. टाळ्या कशाला वाजवल्या आपण, असं झालं होतं. पोराने जन्माला आल्याबद्दल जगाची माफी मागितली आणि आम्ही पेढे मागत होतो.

त्या संध्याकाळी मी सईला घेऊन लिफ्टशी उभी होते. लिफ्टचं दार उघडलं आणि सईने दोन्ही कानांवर हात दाबले. हे नेहमीचंच. मी शाळेत सांगितलं होतं, तिला लिफ्टचा आवाज सहन होत नाही, त्यावर काम करा. तेही बिचारे करत होते. आज मी पहिल्यांदाच ऐकलं. लिफ्टला आवाजच नव्हता. नवा टॉवर, नवी लिफ्ट, चोरपावलांनी येते. सई कान झाकत होती ते माझ्या ओरडण्यासाठी.

जोएलची मम्मी माफी मागायची, मी भांडायचे. लाज दोघींनाही आपल्याच पोरांची वाटत होती. तिची नरम होती आणि माझी कडक, इतकंच.

त्यानंतर ती शब्द सोडायच्या मागे लागली. काय सांगू तुम्हाला, दारू सोडणाऱ्या माणसाचे हाल पाहिलेत, पण हे नाही. कुणाचा धक्का लागला की ओठ दाबून धरायची. 'सॉ' पर्यंत यायची आणि खोकायची. आम्ही हसलो की चुकून आम्हालाच सॉरी म्हणायची, आणि मग स्वतःच कपाळावर हात मारायची. पण सुटला तिचा. हळूहळू, खरंच सुटला.

जोएलचा सुटला नाही. त्याला तो शब्द सगळ्याला पुरायचा. दार उघडताना सॉरी हां, पाणी हवं तरी सॉरी हां, गल्लीतल्या झोपलेल्या कुत्र्यालाही. टीचर म्हणाल्या, त्याला अडवू नका, गप्प करू नका, मिळालेला शब्द जाईल. तुम्ही उत्तर द्या. मग ती उत्तर द्यायला लागली. त्याने सॉरी म्हटलं की त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, "कशाला रे?" दर वेळी. दिवसभर. न कंटाळता.

एकदा शाळा सुटल्यावर आम्ही चौघं गल्लीतून चाललो होतो. एक गृहस्थ मोबाइलवर बोलत मागे सरकले आणि त्यांचा बूट सरळ जोएलच्या पायावर. जोएल कळवळला. आणि म्हणाला, "सॉरी हां."

गृहस्थांनी मोठ्या मनाने हात हलवला. "असू दे, असू दे. बघून चालावं बाळा."

माझी जीभ शिवशिवली. पण सई हात धरून होती, म्हणून गिळलं. जोएलची मम्मी आधी पोराशी वाकली. "कशाला रे?" मग उभी राहिली. आवाज चढवला नाही. "पाय तुमचा पडला त्याच्यावर," ती म्हणाली. "सॉरी तुम्ही म्हणायचं."

मोबाइल कानावरून खाली आला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जोएलच्या पायाकडे पाहिलं. "सॉरी, बेटा," म्हणाले, आणि खरंच ओशाळले होते. मी इतकी वर्षं भांडून एकालाही ओशाळवलं नव्हतं.

यंदा सासू अंथरुणाला खिळली. रोज गिरीजहून येणं जमेना, तेव्हा टीचर घरी येतील अशी सोय करून तिने जोएलला शाळेतून काढलं. शेवटच्या दिवशी व्हरांड्यात सगळ्या आयांना तिने सुकेळी दिली. मी सवयीने विचारलं, "आता ही कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. खा."

रिक्षापर्यंत सोडायला मी आणि सई गेलो. दुपारची वेळ, गल्ली पेंगलेली. अर्ध्या शटरापाशी जोएल थांबला. ती त्याच्या पुढे पळाली नाही, वाकलीही नाही. आपली शांत उभी राहिली. जोएलने थाप मारली. धाडकन. आतून दुकानदार डोळे चोळत बाहेर आला.

जोएल त्याच्याकडे बघून एका दमात म्हणाला, "सॉरी हां, कशाला रे?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी सईकडे पाहिलं. जोएल शटराला कान लावून उभा होता.