नदीच्या कडेकडेने सार्डिनियाला

वीबे डायक्स्ट्राने अडतीस वर्षं एका जागी उभं राहून दुसऱ्यांना वाट करून दिली. देशाच्या उत्तरेकडच्या सपाट फ्रीसलंडमधल्या त्याच्या गावाच्या टोकाला कालव्यावर उचलता येणारा पूल होता. शिडाची होडी दिसली की वीबे घंटा वाजवायचा, सायकली-मोटारी थोपवायचा आणि पूल वर घ्यायचा. होडीतली माणसं जाता जाता ओरडून सांगायची, कुठून आलो, कुठे निघालो. एका उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या होडीवाल्याने त्याच्या हातावर झाडाच्या सालीचा जाडजूड तुकडा ठेवला. बुचाच्या झाडाची साल, सार्डिनिया बेटावरची. वीबेने ती घरी नेली. त्याची बायको आफके सायकलवरून टपाल वाटायची. तिने साल नाकाशी धरली, डोळे मिटले नि म्हणाली, "उन्हाचा वास येतोय रे ह्याला. आपण जायचं हं तिथे एकदा."

जायचं ठरायला दोघांची निवृत्ती यावी लागली. वीबेने एक जुनी घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, इवलंसं न्हाणीघर, आणि खिडक्यांना आफकेने स्वतः शिवलेले निळे पडदे. गाडी अंगणात उभी राहिली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. बाहेर गवतावर धुकं, आत वाटाण्याचं घट्ट सूप रटरटतंय आणि वीबे जाडा चष्मा लावून बोटाने दक्षिणेला निघालाय, अशा हिवाळ्यातल्या कितीतरी दुपारी गेल्या. पहिला मुक्काम कुठे, पाणी कुठे भरायचं, पाव कुठे मिळेल, सगळं तो वहीत सुबक अक्षरात लिहायचा. आफके समोर विणत बसायची. विणता विणता तिला खिडकीबाहेरच्या सपाट कुरणापलीकडे समुद्र दिसायला लागायचा; इथला करडा नव्हे, तिथला.

"आज कुठवर पोचलो?" ती विचारायची.

"बाझेल."

"छान आहे का?"

"नदीकाठी जागा मिळालीय."

दुसऱ्या हिवाळ्यातही ते बाझेललाच पोचले. तिसऱ्या हिवाळ्यात शेजारचा डौवे कुंपणावरून हाका मारायला लागला, "काय वीबे, आलास का जाऊन? बरीच माती लागलीय की चाकांना!" वीबे हसून आत यायचा आणि नवी वही उघडायचा. बाझेलच्या पुढे आल्प्स लागायचे; कधी घाटात बर्फ असायचं, कधी बोगद्याचं काम निघालेलं असायचं. बाझेलच्या पुढचं पान कोरं राहायचं ते राहायचंच.

मार्च उजाडला तसं आफकेने विणकाम टोपलीत टाकलं. "हे बघ, आता मला नकाशा नको. गाडी काढ. चार दिवस कुठेही जाऊ, पण चाकं फिरू देत."

देशाच्या दक्षिण टोकाला थोड्या टेकड्या आहेत, तिकडे ते गेले. आल्प्सच्या मानाने ती टेकाडंच. पण एका वळणावर रस्त्याची कडा सुटली, खाली दरीतल्या घरांची छपरं दिसली आणि वीबेने गाडी बाजूला घेऊन थांबवली. स्टिअरिंग त्याने घट्ट धरून ठेवलं होतं.

"ब्रेक बिघडला का?"

"नाही."

"मग?"

"खाली बघितलं मी."

आफकेने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. पूल उचलताना तो कायम काठावर, जमिनीवर उभा असायचा. उंचावर चढलेलं तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. चर्चचं छप्पर रंगवायची पाळी आली तेव्हा तो नेमका आजारी पडला होता, हे तिला आत्ता आठवलं.

"तीन वर्षं, वीबे! तीन वर्षं मला बाझेलला बसवून ठेवलंस! तोंड नव्हतं का तुला?"

"तू त्या बेटाचं नाव काढलंस ना, की तुझा चेहरा असा व्हायचा..." तो अडखळला. "मग नाही सांगवलं."

मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने थर्मासमधली कॉफी ओतून त्याच्या हातात दिली. तिला एवढी मोठी गाडी चालवता येत नव्हती. कॉफी संपल्यावर वीबेने गाडी अगदी पावलापावलाने उतारावरून खाली आणली.

घरी आल्यावर त्याने नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला. दोन दिवस तो अंगणात नुसता गाडी पुसत होता. तिसऱ्या दिवशी तो हात धुवायला आत आला तेव्हा बटाटे सोलता सोलता आफके म्हणाली, "ती होडीतली माणसं रे, तुझ्या पुलाखालून जाणारी. ती कशी पोचायची भूमध्य समुद्राला? होडी काही आल्प्स चढत नाही."

वीबे जागच्या जागी थबकला. मग ओल्या हातांनीच त्याने जुनी पेटी उघडली. तळाशी होडीवाल्यांचा जलमार्गांचा नकाशा होता. मास नदीच्या कडेने वर वर जायचं, पुढे सोन नदी धरायची, मग रोन, आणि रोनबरोबर थेट समुद्रावर. आल्प्स बाजूला, लांब, ढगांसारखे. पाण्याने आपल्यापुरती सोपी वाट आधीच काढून ठेवली होती, आणि पाणी कसं वागतं हे वीबेइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? त्या दिवसापासून त्याला झोपेत नद्या दिसायला लागल्या. सकाळी तो आफकेला सांगायचा, "आज सोनच्या काठी होतो. फार हळू वाहते गं ती." वही तीन आठवड्यांत भरली.

एप्रिलच्या शेवटी ते निघाले. पॉपलरच्या रांगांमधून, कोवळ्या गव्हाच्या कडेने, रोज थोडं थोडं. संध्याकाळी गाडी नदीकाठी लावायची, राईच्या पावावर चीज ठेवून खायचं आणि सोन लागल्यापासून पाणी आपल्याच दिशेने चाललंय ते बघत बसायचं. तूलॉं बंदरात गाडी बोटीवर चढली. सकाळी सार्डिनिया दिसलं तेव्हा वीबे कठड्याला धरून उभा होता. समुद्रातून जांभळे डोंगर वर आले होते, एकामागे एक.

"हे नकाशात नव्हतं," तो पुटपुटला.

"होतं. तू बघितलं नाहीस," आफके म्हणाली.

पश्चिम किनाऱ्याला त्यांना सपाट मुलूख सापडला. दलदल आटवून केलेली शेती, सरळ कालवे, आणि कुरणात चक्क काळ्या-पांढऱ्या फ्रीसलंडच्या गायी. वीबेचा जीव भांड्यात पडला. आफके कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोन हजार किलोमीटर आले मी, गायी बघायला!" पण पाइनच्या सावलीत, समुद्राच्या गाजेत तिलाही चटकन झोप लागायची.

दहाव्या दिवशी वीबेनेच विषय काढला. "तो डोंगरातला रस्ता, माथ्यावरच्या गावाला जाणारा. पहिल्या वळणापर्यंत जाऊन बघू या?"

ते दुसऱ्या वळणापर्यंत गेले. गाडीतून उतरून वीबेने आफकेची बाही मुठीत धरली आणि खाली पाहिलं. ऊन, बुचाची झाडं, दूर चकाकणारं पाणी. बराच वेळ त्याने बाही सोडली नाही, आणि नजरही वळवली नाही.

जूनमध्ये परत निघेपर्यंत त्यांनी पाच वळणं केली. माथ्यावरचं गाव राहिलं ते राहिलंच. आफके तिथे एकटी बसने जाऊन आली आणि मेंढीच्या दुधाचं चीज घेऊन आली. वीबेने ते गाडीच्या पायरीवर बसून खाल्लं आणि वरचं सगळं तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.