नवरीची हळद घोडीला

आमच्या घरातला एकुलता एक कूलर त्या वैशाखात घोडीसमोर चालू होता.

चांदणी ही आमच्या ह्यांची वरातीची पांढरीशुभ्र घोडी. उन्हाळ्यात चिलटं चावली की तिला अशी खाज सुटते, की फाटकाला मान घासून घासून तिने आयाळ अर्धी केली आणि फाटक पूर्ण वाकवलं! जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "कडुनिंबाचा पाला उकळा, पाणी थंड करून त्यानं अंग धुवा. हलकं खोबरेल लावा. सांजच्याले आत बांधा, वारा लागू द्या, म्हणजे चिलटं बसत नाईत. बाकी काही प्रयोग करू नका!"

वारा म्हणजे कूलर, असा अर्थ ह्यांनी काढला. घोडी गारव्यात, आम्ही घामात.

त्यातच नणंद हिंगणघाटहून वऱ्हाड घेऊन आली. भाच्याचं, निखिलचं लग्न वर्ध्यातच. मुक्काम आमच्याकडे, जवळच पिपरीला.

"वहिनी, पाहुण्यायले पंखा अन् घोडीले कूलर?"

"ताई, तुमच्या लेकालेच ह्याच घोडीवर बसाचं हाये ना?"

निखिलचा लहानपणापासूनचा हट्टच होता तो. आणि वरातीत घोडीला खाज सुटायची भीती खरी होती. आदल्याच वरातीत चांदणीनं मध्येच विजेच्या खांबाला अंग घासलं होतं. नवरदेव खांबाला मिठी मारून राहिला आणि घोडी पुढे निघून गेली!

लग्नाच्या सकाळी अंगणात निखिलला हळद लागली. सगळे जेवायला बसले, मी चांदणीला निंबाच्या पाण्यानं धुतलं. खोबरेल घेतलं, तर ओट्यावर हळदीचं भरलेलं पातेलं दिसलं. (उरलेलं काही वाया जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही.) हळद त्वचेला चांगली, हे काय डॉक्टरनं सांगायला हवं? तेलात कालवली आणि कानापासून शेपटीपर्यंत चोपडली.

हे हात धुवायला बाहेर आले.

"अवं, काय करून राह्यली तू? घोडी पांढरी होती ना?"

"धुतली की होते पांढरी!"

कपड्यांचा साबण लावला. हळदीवर साबण पडला की लाल होतं, हे जन्मभर कपडे धुतलेल्या बाईला आठवायला नको? चांदणी पिवळीची केशरी झाली! तीही ठिकठिकाणी.

इतक्यात ताईंची हाक आली. "वहिनी, नवरीकडे पाठवाची उष्टी हळद कुठी ठेवली वो? मानसं खोळंबली!"

माझ्या हातातला साबण सुटला. नवरदेवाच्या अंगाची हळद नवरीला लागते. ती मी लावली कोणाला?

मी नुसतं बोट दाखवलं. ताईंनी आधी पातेलं पाहिलं, मग घोडी पाहिली, मग मटकन बाजेवर बसल्या.

निखिल मागून आला. "मामी, मंग माह्यं लगन कोनासंग हाये? चांदणीसंग?"

आधी ताईच हसल्या, म्हणून मी वाचले! मग धावत नवी हळद कालवली, निखिलच्या गालाला पुन्हा लावली आणि तिकडे पाठवली. चांदणीला साध्या पाण्यानं खळाखळा धुवून थेट कूलरसमोर उभं केलं.

संध्याकाळी ती डोलत निघाली. वाटेत कितीतरी खांब आले, एकाकडेही बघितलं नाही. निखिलचा फेटा योगायोगानं केशरी होता. "फेट्यावर म्याचिंग घोडी!" म्हणून लोक फोटो काढत होते. ह्यांनी लगेच मान ताठ केली, जणू रंग त्यांनीच निवडला!

परवा निखिलची बायको, आमची नवी भाचेसून, अल्बम घेऊन बसली होती. एकाही फोटोत चांदणी अंग घासत नाही. तिच्यामागे मात्र प्रत्येक फोटोत एक बाई आहे, भरजरी शालू नेसलेली, घामोळ्यांनी फुललेली. कुठे मान खाजवते, कुठे पाठ.

सुनेनं एकेक फोटो नीट बघितला आणि काळजीनं विचारलं, "मामी, तो घोडीचा डॉक्टर तुमाले नाई तपासत का?"