सुमनमावशीच्या गिरणीतलं जातं

सुमनमावशी संग्रहालय बघायला येणाऱ्याला आधी कामाला लावायची. दहिवलीतली नवऱ्याची बंद पडलेली भातगिरणी तिने झाडून काढली आणि लोकांनी घराबाहेर काढलेल्या वस्तू तिथे मांडल्या. रॉकेलचे स्टोव्ह, पत्र्याच्या ट्रंका, कंदील, सुपं. काचेचं कपाट कुठेच नाही. एखादा पाहुणा मोबाईल वर करून उभा राहिला, की ती त्याच्या हातात सूप द्यायची. ‘‘फोटू मंग काढ रं. आधी पाखडून बघ.’’ तांदूळ खाली सांडले, की तीच खदखदून हसायची.

माझं तिच्याशी वाकडं होतं. जुनी तांब्यापितळेची भांडी घ्यायची आणि फार्महाऊसवाल्यांना विकायची, हा माझा धंदा. स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला. कुणाच्या माळ्यावर काय पडलंय, मला ठाऊक. आणि माझ्याच घरातलं जातं, मी बाहेरगावी असताना, आईने या बाईला देऊन टाकलं. पुढे आई गेली. तिचा हात लागलेलं असं घरात दुसरं काही उरलं नाही.

मी जातं मागायला जायचो आणि भांडून परत यायचो. बदल्यात पितळी घंगाळ देऊ केलं, तांब्याचा बंब देऊ केला. मग आवाज चढवला. मावशी सुपारी कातरत बसलेली. ‘‘वरड. गिरणीच्या आवाजात जल्म गेला माजा, मला काय फरक पडत नाय.’’

लग्नाआधी हळद जात्यावर दळायची आमच्याकडे रीत. शेलूच्या नव्या इमारतींत जातं कुठून येणार? मावशी हेच जातं टेंपोत घालून पाठवायची. ‘‘संग्रहालयातली वस्तू अशी बाहेर देतात?’’ मी डाफरलो.

‘‘मांडलंय, पुरलं नाय. तुजी आई सांगून गेली, कुनाच्या हळदीला नाय म्हनू नको. तुज्याकडनं व्हईल?’’

दिवाळीनंतर मावशी गेली. मुलाने गिरणीला कुलूप लावलं आणि मला म्हणाला, ‘‘दादा, तुमचं जातं घेऊन जावा.’’ इतक्या वर्षांनी ते माझ्या घरात आलं. आठवडा झाला नसेल, शेलूची एक बाई दारात. ‘‘दादा, उद्या पोरीची हळद हाय. मावशी देयाची.’’ मी साफ नाही म्हणालो, दार लावलं. ती जिन्यातच बसली. ‘‘तुमी जेवून घ्या दादा, मी हाय हितंच.’’

जेवण गेलं नाही. भांडायला समोर मावशी हवी होती. या बाईशी काय भांडणार? टेंपोवाल्याला मीच फोन केला.

तेव्हापासून जातं घरी कमी आणि बाहेर जास्त. काल परत आलं, तेव्हा बायको म्हणाली, ‘‘आईंच्या वेळी तरी कुठं घरात टिकायचं?’’ खुंटा सैल झाला होता, तो ठोकत बसलो. परवा वांगणीला हळद आहे.