ग्लेनमालूरच्या दरीत आम्ही तिघं

२०१६च्या नोव्हेंबरात सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे हॅम्बर्गला आले होते. मुलगी तेव्हा आठवीत होती. तिला इंग्रजीच्या तासाला रेफेराट द्यायचं होतं, म्हणजे वर्गासमोर उभं राहून एक विषय मांडायचा. तिने ग्लेनमालूरची लढाई निवडली. सोळाव्या शतकात इंग्रजांची फौज आयर्लंडमधल्या एका अरुंद, झाडीने भरलेल्या दरीत शिरली आणि वर दबा धरून बसलेल्या बंडखोरांनी तिची दाणादाण उडवली.

सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. "अगं, ही तर आपली उंबरखिंड," म्हणाले आणि माझ्या सोफ्यावरच्या उशा मांडून त्यांनी जमिनीवर दरी तयार केली. रात्रीसाठी काढून ठेवलेला राजमा इंग्रज झाला, हरभरे आयरिश.

अडचण एवढीच होती की मुलीला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं आणि सासऱ्यांना जर्मनचं अक्षर कळत नाही. त्यामुळे मधे मी. ऑफिसचं काम डोक्यावर, लॅपटॉप मांडीवर, आणि तीन दिवस मी या दोघांची वाक्यं इकडून तिकडे पोचवत होते. पार वैतागले होते.

तिसऱ्या दिवशी सासरे रंगात आले. इंग्रजांचे लाल-निळे डगले झाडीत कसे उठून दिसले, वरून एकेकाला कसं टिपलं, हे सांगताना ते बोटाने एकेक राजमा उडवत होते आणि हसत होते.  मुलगी जर्मनमध्ये मला म्हणाली, त्यातले कितीतरी नवखे होते, नुकतेच बोटीतून उतरलेले. त्यांना आत जा म्हणून हुकूम होता. माणसं मरतात याची आजोबांना गंमत वाटते का?

"काय म्हणाली?" सासऱ्यांनी विचारलं.

"छान रंगवून सांगता म्हणाली, बाबा."

"मी तसं नाही म्हणाले," मुलगी म्हणाली. मराठीत. मग शब्द शोधत शोधत आजोबांकडे बघून म्हणाली, "ते खालचे... त्यांना पण घर होतं. तुम्ही हसता."

सासऱ्यांनी दाणे गोळा करून वाटीत टाकले आणि खोलीत निघून गेले. मी मुलीवर चिडले. आजोबांशी असं बोलतात का, म्हटलं. तिने शांतपणे विचारलं, तू खोटं का सांगितलंस? मी आणखीच चिडले.

सकाळी चहा घेताना सासऱ्यांनी तिलाच विचारलं, खालच्यांबद्दल काय लिहिलंयस? ती अर्धं मराठी, अर्धं जर्मन बोलत सांगू लागली. एका शब्दाला अडली तेव्हा मी पटकन तोंड घातलं.

"थांब गं," सासरे म्हणाले. "तिला सांगू दे."

तिला बरीच मिनिटं लागली. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण ते पुन्हा सांग, पुन्हा सांग म्हणत राहिले. शेवटी म्हणाले की इतकी वर्षं उंबरखिंड शिकवली, पण खिंडीत खाली कोण होतं हे कधी वर्गाला विचारलं नाही.

रेफेराट चांगलं झालं. मला मात्र त्याचा धड आनंदही झाला नाही. तीन दिवस दोघांसाठी राबले आणि लक्षात राहिलं ते माझं एक खोटं वाक्य. पुढे सासरे परत जाईपर्यंत मी काहीही मराठीत करून सांगितलं की ते आधी नातीकडे बघायचे. तिने मान डोलावली की मगच उत्तर द्यायचे.