लिफ्ट बंद होती तेव्हा

कॅप्टनताई बाजाराच्या तोंडाशी चाव्या करायच्या. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच ओरडावं. पाटीवर वडिलांचं नाव आणि पुढे ‘आणि पुत्र’. पुत्र म्हणजे ताईंचा थोरला भाऊ. त्याला चावी करता येत नव्हती, गल्ल्यावर बसता मात्र फार छान येत होतं. कानस हातात धरून सगळ्या पंचक्रोशीच्या कुलपांशी झटापट करायची ती ताईंनी, आणि पाटी त्यांच्या डोक्यावर खुशाल ‘पुत्र’ म्हणत लटकलेली. ताईंना त्याचं काही वाटत नसे. निदान त्या तसं म्हणत तरी.

शनिवारी दुपारी मात्र या बाई बदलायच्या. निळा गणवेश, गळ्यात रुमाल, दोरीला शिट्टी, आणि शाळेमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तेरा ते सतरा वयाच्या पोरी रांगेत उभ्या. गाइडचं हे पथक ताईंनी एकटीच्या हिमतीवर उभं केलं होतं. पोरींना गाठी मारता यायच्या, जखमेवर पट्टी बांधता यायची, स्ट्रेचर नसेल तर माणूस उचलून न्यायची रीत यायची. आणि या सगळ्यावर ताईंचा एक नियम होता: सेवेचा गाजावाजा नाही. फोटो नाही, बढाई नाही, घरी जाऊन सांगणंसुद्धा नाही. “या हाताचं त्या हाताला कळता कामा नये,” असं त्या म्हणायच्या आणि वर शिट्टी फुंकायच्या, म्हणजे वाद संपला. हल्लीच्या पोरींना वहीला कव्हर घातलं तरी फोटो काढायची खुमखुमी. पण ताईंच्या शिट्टीपुढे कुणाची टाप नव्हती.

त्याच नियमाने पुढे घात केला.

झालं असं, की पाण्याच्या टाकीजवळच्या सात मजली इमारतीची लिफ्ट बंद पडली. राहणारे बहुतेक म्हातारे, आणि लिफ्टचा सुटा भाग मागवलाय, मागवलाय म्हणता म्हणता महिने उलटले. वरच्या मजल्यावरची माणसं घरातच अडकली. हे कळलं भिंगरीला. भिंगरी म्हणजे पथकातली सगळ्यात थोरली पोर, संघनायिका, एका जागी म्हणून बसणं तिला ठाऊक नाही, म्हणून हे नाव. तिने पोरींना मजले वाटून दिले. औषधं, भाजी, दूध वर न्यायचं, कचरा खाली आणायचा, डॉक्टरकडे जायचं असेल तर चार हातांची खुर्ची करून माणसाला उतरवायचं. पाचव्या मजल्यावरचे मास्तर आणि सातव्यावरच्या आजी तिने स्वतःकडे ठेवल्या. कारण आजी सगळ्यात उंचावर, आणि मास्तर सगळ्यात वजनदार. शिवाय मास्तर खडूस. भेंडी जून निघाली की परत खाली पिटाळायचे. भिंगरी जायची. बदलून आणायची. पुढे लिफ्ट सुरू झाली, आणि पोरी जशा गेल्या तशाच गुपचूप परत आल्या.

या वर्षी जिल्हा कार्यालयाने सेवेसाठी पदक जाहीर केलं. ताईंनी भिंगरीचं नाव पाठवलं. भिंगरीचं हे शेवटचं वर्ष, नंतर ती पथकाबाहेर. दोन दिवसांत सचिवबाईंचा फोन आला: फोटो पाठवा.

ताई तडक जिल्हा कार्यालयात गेल्या. जुनी इमारत, कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. गुडघ्यांना शिव्या देत त्या वर पोचल्या.

“अहो, फोटोच नाही तर मी समितीपुढे ठेवू काय?” सचिवबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, कामाने पिचलेल्या होत्या. “असं करा, पोरींच्या हातात पिशव्या द्या, जिन्यात उभं करा, दोन फोटो काढा. कोण बघायला येतंय?”

“लिफ्ट सुरू झाली आता. ते नाटक होईल.”

“मग कुणीतरी येऊन सांगा. येत्या शनिवारी समिती बसतेय. ज्यांची सेवा केली त्यांनी समक्ष सांगितलं तर चालतं. पण इथे यावं लागेल, समिती कुणाच्या घरी जात नाही.”

ताईंनी दारातून जिन्याकडे पाहिलं. ज्यांना जिना चढता येत नव्हता म्हणून हे सगळं झालं, त्यांनी ते सांगायला जिना चढून यायचं. वा रे न्याय!

परत आल्या तर दुकानासमोर भिंगरी उभी. भाऊ जेवायला गेला होता. पोरीचा चेहरा उतरलेला.

“ताई, पदक नाही ना मिळत?”

“कोण म्हणालं?”

“मला कळतं तुमच्या तोंडावरून.” भिंगरी फळीला टेकली. “बाबा म्हणतात, बारावी झाली की मामाच्या दुकानात गल्ल्यावर बस. मी नर्सिंगचं म्हटलं, तर म्हणाले, एवढी वर्षं त्या गाइडमध्ये घालवलीस, मिळालं काय? गळ्यात रुमाल! बाहेरच्या एका तरी माणसाने म्हणू दे की तू काही केलंस, मग पाठवतो परगावी.”

“मग तू सांगितलं नाहीस, मास्तरांना उचलून खाली आणायचीस ते?”

“तुम्हीच म्हणालात ना, घरी सांगायचं नाही. बाबांना वाटतं मी त्या वेळी मैत्रिणींबरोबर भटकत होते. त्यावरून बोलणीही खाल्लीत.” मग तिचा आवाज चढला. “ताई, राग मानू नका, पण गप्प आम्ही घरी राहतोच. पाणी भरा, भांडी घासा, धाकट्याला सांभाळा, कोण विचारतं? इथेही गप्पच राहायचं, तर फरक काय?”

पोर निघून गेली. ताई कानस घेऊन बसल्या, पण हात चालेना. राग आला होता, आणि तो पोरीचा नव्हता. डोक्यावरची पाटी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाचावीशी वाटली, बाहेर जाऊन त्यांनी ती नीट वाचली. मग आत आल्या आणि एवढ्या जोरात कानस चालवली, की चावीचा एक दात जास्तच घासला गेला. गिऱ्हाइकाला दुसरी करून द्यावी लागली. एवढी वर्षं आपण पोरींना चांगुलपणा शिकवतोय असं त्यांना वाटत होतं. शिकवलं काय, तर तोंड मिटून राबायला. ते तर त्या आईच्या पोटातून शिकून आल्या होत्या!

त्या संध्याकाळी ताई टाकीजवळच्या इमारतीत गेल्या. मास्तर म्हणाले, “येतो. पण मला चढवणार कोण?” आजी म्हणाल्या, “मी तर कधीची तयार आहे, कुणी विचारलंच नाही.” तिथून ताई भिंगरीच्या वडिलांकडे. त्यांचा टेम्पो होता.

“भाऊ, शनिवारी दोन म्हाताऱ्या माणसांना जिल्हा कार्यालयात न्यायचंय.”

“गाइडचं काम ना? मला वेळ नाही.”

“मी वेळ आहे का असं विचारलं नाही. सकाळी टेम्पो घेऊन या.”

वडील आले. कुरकुरत आले, पण आले. बायकोने कानउघाडणी केली असावी.

कार्यालयाच्या पायथ्याशी भिंगरीने मास्तरांकडे पाहिलं, मग पथकातल्या मैत्रिणीकडे. दोघींनी आपलं एक आणि एकमेकींचं एक मनगट धरलं, खाली वाकल्या, मास्तर त्या हातांवर बसले, दोघींच्या खांद्यांवर हात टाकले.

“अगं ए, पडेल तो माणूस!” वडील टेम्पोतून ओरडले.

“नाही पडत,” मास्तर म्हणाले. “वजन वाढलंय माझं, पण सवय आहे हिला.”

पोरी चढू लागल्या. मागून दुसऱ्या दोघी आजींना घेऊन. पहिल्या मजल्यावर भिंगरीने एकच शब्द उच्चारला, “थांब,” श्वास घेतला, पकड बदलली, पुन्हा चढली. वडील टेम्पो तसाच सोडून मागोमाग जिना चढत होते, हात पुढे धरून, जणू मास्तर पडले तर तेच झेलणार होते. वर समितीचे लोक आवाज ऐकून दाराशी आले होते. चहाचा कप हातात धरूनच अध्यक्ष बाजूला सरकले.

मास्तर खुर्चीवर बसले, घाम पुसला, खरं तर घाम पोरींना आला होता. “फोटो मागत होता ना? हे बघा. लिफ्ट बंद होती तेव्हा हे असं रोज चालायचं. मी भेंडी परत पाठवायचो, तीसुद्धा ही बदलून आणायची. त्याची लाज मला आता वाटतेय.”

आजींनी भिंगरीचा हात धरला.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, “ठीक आहे, ठीक आहे. आम्हाला पटलं. पदक देऊ आपण या मुलीला.” सचिवबाईंनी लिहूनही घेतलं. खुर्च्या सरकू लागल्या.

“थांबा,” ताई म्हणाल्या. “तिला कुणी विचारलंच नाही अजून.” त्या भिंगरीकडे वळल्या. पोर सवयीने मान खाली घालून उभी होती, ताईंनीच लावलेली सवय. “वर बघ. तू काय काय केलंस ते सांग. माझा जुना नियम मी मोडला, आजपासून. सांग, आणि मोठ्याने सांग.”

भिंगरीने सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग न थांबता. रात्री आजींना दम लागला तेव्हा डॉक्टरांना वर कसं आणलं ते, चौथ्या मजल्यावरच्या काकांना औषधाच्या वेळा पाठ कशा करून दिल्या ते, पाय मुरगळला तेव्हा घरी काय खोटं सांगितलं तेसुद्धा. सचिवबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अध्यक्ष मोठ्या मायेने म्हणाले, “पुरे हं बाळ, समजलं आम्हाला.”

“पुरे कसं?” दारातून आवाज आला. भिंगरीचे वडील चौकट धरून उभे होते, डोळे लाल. “साहेब, तिला बोलू द्या. तुम्हाला समजलं असेल. मी बाप आहे तिचा, मला आज पहिल्यांदा समजतंय.”

अध्यक्ष पुन्हा खुर्चीत बसले. वडिलांनी लेकीकडे पाहिलं.

“हं,” ते म्हणाले, “पाय मुरगळला. मग?”