एकच नाव असलेली मतपत्रिका

डॉ. इंदुमती बोडस यांची आणि माझी पहिली भेट एका फजितीने सुरू झाली. २००२ सालच्या ऑगस्टमध्ये मी नागपूरहून संख्याशास्त्राचे एम.एस्सी. आटोपून मिनेसोटात पीएच.डी.साठी आलो होतो. राज्यशास्त्र विभागातल्या कुणा डॉ. आय. बोडस यांना आकडेवारी सांभाळायला असिस्टंट हवा आहे, एवढे ईमेलवरून समजले होते. ठरलेल्या वेळी मी त्यांच्या ऑफिसचे दार उघडले. आत एक नऊवारीत शोभल्या असत्या अशा, पण स्वेटर आणि पँट घातलेल्या बाई फोनवर माझ्या कानाला अगदी अनोळखी भाषेत बोलत होत्या. त्यांचा फोन होईपर्यंत मी थांबलो आणि इंग्रजीत विचारले, "सर आहेत का?"

"सर नाहीत," त्या मराठीत म्हणाल्या. "मी चालेन का? तू मिलिंद भोयर ना?"

ती अनोळखी भाषा चेक होती. पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. झाल्यावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंदूताई शिष्यवृत्तीवर प्रागला गेल्या. भाषा शिकल्या, तिथेच यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या माधवरावांशी त्यांचे लग्न जमले आणि पुढे दोघे अमेरिकेत स्थायिक झाले. आज ताईंच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघत असताना त्यांच्या संशोधनाविषयी जाणकार लिहितीलच. मी मूळचा आकड्यांचा माणूस. त्यांचा एक प्रश्न मी जवळून पाहिला आणि त्या प्रश्नाने मला अडचणीतही आणले. तेवढेच मला सांगायचे आहे.

ताईंचा प्रकल्प चेक पक्षांतल्या अंतर्गत निवडणुकांवर होता. कोणत्या अधिवेशनात किती उमेदवार उभे होते, कोणाला किती मते पडली, याचे तक्ते मी बनवत असे. त्यातल्या एका पक्षाच्या अध्यक्षपदाला एकच उमेदवार होता. गुप्त मतदान झाले आणि तो निवडून आला. मी ती ओळ तक्त्यातून काढून टाकली.

"ही का काढलीस?" ताईंनी विचारले.

"ताई, स्पर्धकच नाही. कंपेअर कशाशी करणार? यात मोजण्यासारखं काही नाही."

"माणसं रांगेत उभी राहिली, कागद हातात घेतला, पेटीत टाकला. एकच नाव होतं तरी. ती का गेली असतील, हे तुला जाणून घ्यावंसं वाटत नाही?"

मला खरोखरच वाटत नव्हते आणि मी ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला प्रागमधला एक दिवस सांगितला. त्या विद्यार्थिनी असताना तिथे सरकारने ठरवलेल्या उमेदवारांचीच निवडणूक झाली होती. मतदान केंद्रात कोपऱ्यात एक पडदा होता. त्यामागे जाऊन यादीतले नाव खोडायला कायद्याने कुणालाही मुभा होती. ताईंची घरमालकीण मतदानाला गेली तेव्हा ताई दारापाशी उभ्या राहून बघत होत्या. लोक येत, कागद घेत आणि सरळ पेटीकडे चालत जात. पडद्याकडे जो जाईल त्याच्या मनात काहीतरी आहे, असे टेबलामागे बसलेल्या माणसांना कळले असते. तासाभरात एकही जण तिकडे गेला नाही. "टेबलापासून पडदा दहा पावलांवर असेल," ताई म्हणाल्या. "मला तेव्हापासून त्या दहा पावलांचं कुतूहल आहे. आता तिथे लोकशाही आहे. तर आता कोण चालतं, ते बघू या की."

मग ईडन प्रेरी या उपनगरातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात आमचे फोन सुरू झाले. आमच्याकडे सकाळचे सात वाजले की प्रागमध्ये दुपारचे दोन वाजलेले असत. माधवकाका पोहे करत, ताई स्पीकरफोनवर त्या अधिवेशनाच्या प्रतिनिधींशी बोलत, आणि त्या मध्येमध्ये मराठीत सांगतील तसे मी टिपून घेई. प्रत्येक जण आधी एकच सांगे, तिथे काही घडलेच नाही, एकच तर उमेदवार होता. ताईंचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, "तुम्ही पडद्यामागे किती वेळ होतात?" समोरचा माणूस हसे. आणि मग बोलू लागे.

त्यातल्या दोन माणसांना मी विसरू शकत नाही. एका छोट्या गावातल्या निवृत्त शिक्षिकेने आपल्या जिल्ह्याच्या बैठकीत त्या उमेदवाराच्या बाजूने भाषण केले होते. अधिवेशनात मात्र तिने पडद्यामागे जाऊन त्याचे नाव खोडले. ताईंनी कारण विचारले. ती म्हणाली, तो निवडून येणारच होता आणि यायलाही हवा होता, पण ज्याला सगळी मते मिळतात तो पुढे आमच्यासारख्यांचा फोन उचलत नाही.

"मग आता उचलतो का?" ताईंनी विचारले.

महिन्याभराने तो स्वतःच गावात आला, ती बाई म्हणाली. आमच्या भागातून विरोधी मत कुणी दिले, याची चौकशी करत होता. कुणी काही सांगितले नाही. मी तर त्याला कॉफी करून दिली, असे ती म्हणाली.

ताई इतक्या हसल्या की माधवकाकांनी गॅस बंद करून नेमके काय झाले ते विचारले.

दुसरा होता पंचविशीतला एक वकील. त्याने पडद्यामागे न जाता सर्वांसमोर खूण करून कागद पेटीत टाकला होता. कुणी बळजबरी केली का, असे ताईंनी विचारले. छे, तो म्हणाला, पण माझ्या रांगेतले सगळे सरळ पेटीकडे गेले. मी एकटाच पडद्याकडे गेलो असतो तर लोकांना काय वाटले असते? ताईंनी त्याचे आभार मानून फोन ठेवला आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर शेजारी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता. "त्याचा जन्म झाला नव्हता रे तेव्हा," एवढेच त्या म्हणाल्या.

माझ्या प्रबंधात या मुलाखतींचे एक प्रकरण झाले. समितीतल्या एका प्राध्यापकांनी ते वगळायला सांगितले. बिनविरोध निवडणुकीत निष्पन्न काय होणार, असे त्यांचे म्हणणे होते. चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. त्या दिवशी मात्र मी पाऊण तास वाद घातला आणि प्रकरण राखले. ताई माझ्या गाईड म्हणून समितीत होत्या, पण माझ्या मदतीला एक शब्दही बोलल्या नाहीत. नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "मी बोलले असते तर ते प्रकरण माझं झालं असतं."

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही. ताईंची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

२००६च्या जानेवारीत माझे लग्न झाले आणि सुजाता डिपेंडंट व्हिसावर इकडे आली. तिला नोकरी करता येत नव्हती, ड्राइव्ह करता येत नव्हते. मी दिवसभर लॅबमध्ये. ती दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसे. आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम पंचवीस मैलांवरच्या एका शाळेत होत. नवीन आलेल्या बायकांना आणण्या-नेण्याची काही सोय होईल का, असे मी तेव्हाच्या कमिटीला विचारले. "पुढच्या वर्षी बघू या," असे उत्तर मिळाले. सुजाताने मग विचारायचेही सोडून दिले. ती कमी बोलू लागली होती.

त्याच वसंतात मंडळाच्या अध्यक्षपदासाठी ताईंचे नाव पुढे आले. दुसरे नाव आलेच नाही. शाळेच्या कॅफेटेरियात सभा भरली. मावळते सेक्रेटरी देशमुखकाका म्हणाले, "टाळ्या वाजवून बिनविरोध डिक्लेअर करू या आणि जेवायला बसू या."

"मतदान करू या," ताई म्हणाल्या. "होय आणि नाही, दोन्ही लिहिता येईल असं."

"कशाला ताई? तुम्ही एकट्याच आहात."

"टाळ्या वाजवताना शेजारचा बघत असतो."

नाटकासाठी आणलेला एक निळा पडदा त्यांनी कोपऱ्यात बांधून घेतला. लोकांनी थट्टा केली, पण गेले. माझी पाळी आली. हातात कागद होता. ज्या बाईंनी मला चार वर्षे शिकवले, ज्यांच्या घरी मी जेवलो, त्यांचे नाव त्यावर होते. आणि त्यांना उभे करणारी माणसे तीच होती, ज्यांनी मला पुढच्या वर्षी बघू म्हटले होते. ताई अध्यक्ष झाल्या की त्यांच्या चांगल्या नावाखाली सगळे आहे तसेच चालू राहील, असे मला वाटले. मी "नाही" लिहिले. बाहेर येऊन चिठ्ठी पेटीत टाकली.

पन्नासेक मतांत चौदा "नाही" निघाली. देशमुखकाका ताईंच्या कानाशी म्हणाले, "हे अनाउन्स करायची गरज नाही. बिनविरोध म्हणून लिहितो." ताईंनी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि दोन्ही आकडे स्वतः वाचून दाखवले. मी पुढच्याच बाकावर होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना लागले होते, हे मला स्पष्ट दिसले. संशोधनातला आकडा वेगळा आणि आपल्याच माणसांनी आपल्यालाच दिलेला आकडा वेगळा.

"चौदा जणांना काहीतरी म्हणायचंय," त्या म्हणाल्या. "मला ते ऐकायचंय. नाव सांगू नका, चिठ्ठी टाकलीत तरी चालेल."

तीन दिवस मला त्यांच्यासमोर नीट बसता येईना. चौथ्या दिवशी ऑफिसात गेलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "ताई, त्या चौदांतला एक मी आहे."

त्यांनी पेन खाली ठेवले. "बस. आणि का, ते सांग."

मी सुजाताचे सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाल्या, "ती जानेवारीपासून एकटी बसलीये आणि हे मला तू आत्ता सांगतोयस? दर आठवड्याला भेटतोस की."

"तुम्ही माझ्या गाईड आहात, ताई. घरचं कसं सांगणार?"

"म्हणजे माझ्यासमोरही तुला पडदा लागतो," त्या सावकाश म्हणाल्या. हे बोलणे मला उद्देशून नव्हते. स्वतःविषयी नवीनच काही कळल्यासारख्या त्या बोलल्या. मग त्यांनी सुजाताचा फोन नंबर मागितला.

त्या शनिवारी ताई आमच्या दाराशी आपली जुनी गाडी घेऊन हजर झाल्या. सुजाताला म्हणाल्या, "मी वाईट ड्रायव्हर आहे, त्यामुळे चुका सगळ्या ठाऊक आहेत. चल." एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्यांनी तिला गाडी शिकवली. मग चिठ्ठ्यांतून कळलेल्या आणखी सहा जणींना. सुजाता टेस्टमध्ये दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा ती एकटी गाडी चालवत माझ्या लॅबपर्यंत आली आणि हॉर्न वाजवत राहिली. मी खाली गेलो तर ती रडतही होती आणि हसतही होती. पुढे ताईंनी मंडळाचे कार्यक्रम तीन वेगवेगळ्या उपनगरांत फिरते ठेवले आणि कुणाच्या गाडीत किती जागा आहे याची यादी ईमेलवर फिरू लागली. देशमुखकाका, ज्यांना आकडे लपवायचे होते, तेच ती यादी सर्वांत नेमाने सांभाळत.

पुढच्या निवडणुकीला ताई उभ्या राहिल्या नाहीत. दोन उमेदवार होते. ताई रांगेत माझ्या पुढे होत्या आणि कुणाला मत द्यावे हे त्यांचे पडद्यापाशी पोहोचेपर्यंत ठरत नव्हते. त्या चौदांपैकी पाच जणच त्यांना आजवर कळले आहेत. उरलेले नऊ कोण असावेत आणि त्यांचे म्हणणे काय असावे, याचा विचार त्या अजूनही करतात. त्यात राग मुळीच नसतो. त्या नऊ जणांपैकी कुणी या ग्रंथाचा वाचक असेल, तर त्याने त्यांना एकदा फोन जरूर करावा. त्या उचलतात.

गेल्या महिन्यात भेटलो तेव्हा ताईंच्या टेबलावर हंगेरियन व्याकरणाचे पुस्तक होते. शेजारच्या एक हंगेरियन आजी त्यांना आठवड्यातून दोनदा शिकवतात. ही भाषा नीट यायला दहा वर्षे लागतात, असे त्या आजींनी सांगितले आहे. "आणि मग?" मी विचारले. "मग फिनिश," ताई म्हणाल्या. "ती तिची लांबची बहीण म्हणे. बघू या, दोघींचं कितपत पटतं." आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना आहे की ताईंची आणि माधवकाकांची प्रकृती ठणठणीत राहावी, त्यांना हंगेरियन सावकाश, काहीही घाई न करता यावी, मग फिनिश यावी, आणि त्यानंतरही शिकायची एखादी भाषा त्यांच्यासाठी या जगात शिल्लक राहावी.