भोंग्यानं सांगितलेला पत्ता

खामगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांना काट्यावर बोलावणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. फाटकावरचा मुनीम नाव, गाव आणि गाडी नंबर एका ओळीत, मधे स्वल्पविराम देऊन टाइप करायचा. प्रोग्राम ती ओळ स्वल्पविरामांवर तोडायचा आणि भोंगा यंत्राच्या कोरड्या आवाजात पुकारायचा: अमुक, मुक्काम तमुक, काट्यावर या. यात बिघडण्यासारखं काय आहे, अशी फुशारकीही माझी मारून झाली होती.

एका दुपारी भोंग्यानं एका माणसाचं नाव पुकारलं आणि मुक्काम म्हणून एका बाईचं. मुनीम माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो तं पोळ्यालेच गेला, भाऊ."

ट्रॉलीजवळ पोत्यावर बसलेली एक बाई उठली. आधी तिनं शेजारची जागा पदरानं झटकली, मग काट्याकडे गेली.

चूक लगेच सापडली. सातबारा अजून मेलेल्या नवऱ्याच्या नावावर असला की मुनीम आधी त्याचं नाव लिहितो, स्वल्पविराम देतो, मग कापूस आणणाऱ्या बायकोचं. एक स्वल्पविराम जास्त, म्हणून सगळं एक घर पुढे सरकलेलं. मुनिमावर चरफडत मी प्रोग्रामला ओळ शेवटाकडून मोजायला लावली: शेवटी गाडी नंबर, त्याआधी गाव, त्याआधी जो आलाय त्याचं नाव. मेलेला माणूस पुन्हा पुकारला जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती उरलेला कापूस घेऊन आली. भोंग्यानं तिचं नाव, तिचं गाव बिनचूक पुकारलं. ती उठली नाही. पुन्हा पुकारलं. मागचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवू लागले. मी जवळ गेलो.

"मावशी, तुमचा नंबर गेला तर आज काटा नाही व्हायचा."

"मले बलावलं," ती शांतपणे म्हणाली. "त्याइले काऊन नाही बलावलं? काल बराबर पत्ता सांगतला होता. माह्यापाशीच रायतात ते."

मला भीती वाटली, खरंच वाटली. "चला, दोघंही चला," असं तोंडून निघून गेलं.

ती लगेच उठली. काट्यापर्यंत ती माझ्यापासून एका माणसाइतकं अंतर सोडून चालली. मीही मधे सरकलो नाही.